रिकाम्या शेडमधली ऊब

ही गोष्ट खरी आहे.

भुताच्या पानावरची प्रत्येक गोष्ट असंच म्हणत सुरू होते, ते मलाही ठाऊक आहे. मग अमावस्या येते, मग पैंजण वाजतात, मग पांढऱ्या साडीतली कुणीतरी लिफ्ट मागते. त्या सगळ्या मंडळींचा मला मनापासून कंटाळा आहे. या गोष्टीत अमावस्या नाही. रात्रसुद्धा नाही.

शुक्रवार. ऑगस्टचा दुसरा आठवडा. दुपारचे साडेअकरा. जागा कतारमधल्या अल रय्यानचं एक ऑफिस, दुसरा मजला, खाली टायरचं दुकान. बाहेर पंचेचाळीस डिग्री. भूतसुद्धा आधी सावली शोधेल असं ऊन.

घडलं ते माझ्या मावसबहिणीला, जैतूनला. ती खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. आयुष्यात एकदाच बोलली, आणि तेही तोंडानं नाही, चित्रानं.

तिथूनच हे सगळं सुरू झालं.

जैतून दापोलीकडची. वय सत्तेचाळीस, शिक्षण बारावी. दोह्यात आली ती टायपिस्ट म्हणून. ऑफिसचं काम असं, की गोदाम, शेड, पार्किंग बांधण्याआधी आत हवा कशी खेळेल याचं गणित कॉम्प्युटरवर करून द्यायचं. गणित सुटलं की हाती येतात लाखो आकडे. या बिंदूला हवा कुठे चालली आहे, किती वेगानं, किती गरम. ते आकडे बघून कुणाच्याही डोक्यात काही शिरत नाही. म्हणून त्यांची चित्रं काढावी लागतात. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं. इंजिनिअर लोकांना ते शिकायचा कंटाळा, म्हणून जैतून शिकली. मांडीवर डबा, कानात हेडफोन, समोर व्हिडिओ. सहा महिन्यांत तिच्यासारखी चित्रं ऑफिसात कुणाला येत नव्हती.

याबद्दल तिला काय मिळालं? नाव मिळालं. रंगपंचमी डिपार्टमेंट.

हे नाव ठेवणारा डेरिल. वसईचा, बत्तीस वर्षांचा, तिचा साहेब. त्याच्या केबिनमध्ये दोन डिग्र्या फ्रेम करून टांगल्या आहेत. त्यातली एक जरा वाकडी आहे. जैतून रोज बघते आणि रोज सरळ करत नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. हवेची वाट दाखवायला चित्रात रेघा काढतात. रेघ कुठून सुरू करायची ते आपण ठरवायचं. तिथे एक ठिपका ठेवायचा. ऑफिसात त्याला सीड म्हणतात, जैतून मनातल्या मनात बी म्हणते. बी टाकाल तिथून रेघ उगवते, आणि हवा जाईल तिकडे जाते. जिथे बी टाकली नाही तिथे काहीच उगवत नाही. कोरी जागा राहते.

आणि कोऱ्या जागेबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडचं काम आलं. ताडपत्र्या चिकटवायची शेड. दिवसभर सोल्यूशनचा वास. जैतूननं सगळीकडे सारख्या बिया टाकल्या. रेघा सुंदर वाहिल्या. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात त्या तिथल्या तिथे गोल गोल फिरून गुंतल्या.

"हे काय? न्हाणीच्या जाळीतले केस?" डेरिल म्हणाला.

"सर, तिथली हवा बाहेर पडत नाही. घुटमळते."

"मग तिथे सीड कशाला टाकता? पंख्यांपाशी टाका. लांब लांब रेघा येतील. क्लायंटला वाहतं आवडतं."

"पण सर, तिथे कुणी बसलं तर..."

"मॉडेलमध्ये माणूसच नाही, जैतून मॅडम. कोण बसणार?"

ते खरंच होतं. त्यानं गणितात माणसं धरलीच नव्हती. माणूस धरला की अंगाची गरमी धरावी लागते, आणि मग आकडे बिघडतात. मशिनं होती, दिवे होते, पंखे होते, ताडपत्र्यांच्या थप्प्या होत्या. माणूस एकही नाही. अशी शेड जगात कुठे चालते ते डेरिलच जाणे.

जैतूननं बिया उचलल्या. पंख्यांपाशी टाकल्या.

चित्र इतकं देखणं झालं की कंपनीच्या माहितीपत्रकावर छापलं गेलं. तिनं ते आम्हा सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. मीसुद्धा तीन फुलं पाठवली होती. शेडचा मॅनेजर इतका खूश, की जैतूननं धीर करून त्याच्याकडे शब्द टाकला. माझा धाकटा भाऊ आहे, फुजैल, हात चांगला चालतो. बघतो म्हणाला. यंदा जुलैमध्ये फुजैलचा व्हिसा आला आणि तो त्या शेडमध्ये लागला.

आणि ऑगस्टमध्ये त्याच शेडचं काम पुन्हा आलं. ऑर्डरी वाढल्या होत्या. त्या मागच्या डाव्या कोपऱ्यात एक नवीन टेबल लावायचं होतं. सोमवारपासून काम सुरू. रिपोर्ट रविवारी सकाळी हवा.

डेरिलनं गुरुवारी चार वाजता गणित उरकलं आणि फाईल तिच्याकडे टाकली. "दोन चित्रं काढायची आहेत. गेल्या वर्षीसारखी. यल्ला, चला, शुक्रवारी येऊन करून टाका. तुम्हाला घरी तरी काय काम?"

हे तिला. जिच्याकडे दर शुक्रवारी फुजैल जेवायला येतो, आणि कामगारांच्या कॅम्पमधल्या मेसला आठवडाभर शिव्या देऊन भुकेला येतो.

तर शुक्रवार. साडेअकरा. बिल्डिंगचा वॉचमन जुम्याच्या नमाजाला गेलेला. टायरचं दुकान बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुट्टीचा दिवस म्हणून मधला एसी बंद, फक्त तिच्या टेबलामागे एक टेबलफॅन घरघरत होता.

तिनं फाईल उघडली. शेड आली. भिंती, पंखे, थप्प्या. तिनं गरमीचे रंग चढवले. निळं म्हणजे थंड, लाल म्हणजे गरम.

मागच्या डाव्या कोपऱ्यात... एक लाल डाग होता.

खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. त्यातून गरम हवेचा एक बारीक झोत सरळ वर चढत होता. समईच्या ज्योतीवर चढतो तसा.

"भिंतीवर दोन डिग्र्या," जैतून मोठ्यानं म्हणाली. "दोन डिग्र्या, आणि कोपऱ्यात हीटर विसरलाय मेला."

तिनं गरमी देणाऱ्या वस्तूंची यादी काढली. मशिनं, दिवे, पत्रा. कोपऱ्यात काहीच नव्हतं. टेबलसुद्धा अजून धरलं नव्हतं.

मग तिनं गेल्या वर्षी उचलल्या होत्या त्या बिया परत टाकल्या. तिथेच. कोपऱ्यात.

रेघा उगवल्या. पुढे सरकल्या...

आणि दुभंगल्या.

काहीतरी मध्ये असल्यासारख्या. अर्ध्या इकडून, अर्ध्या तिकडून, वळसा घालून मागे पुन्हा एकत्र. नदी खडकाला घालते तसा वळसा. पण मध्ये खडक नव्हता. मध्ये काही नव्हतं. फक्त रुंदी होती... खांद्यांची.

तुम्ही म्हणाल, गणित चुकलं असेल. जैतूनही तेच म्हणाली. भुताखेतांना ती लहानपणापासून हिंग लावून विचारत नाही. तिनं फाईल बंद केली. पुन्हा उघडली.

डाग हातभर डावीकडे होता.

आता हे होऊ शकत नाही. ही फाईल म्हणजे फोटो. एकच क्षण. फोटोतला माणूस तुम्ही अल्बम मिटून उघडला म्हणून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतो का? तिनं फाईलची वेळ पाहिली. गुरुवार, चार वाजून दहा मिनिटं. त्यानंतर फाईलला कुणाचा हात लागलेला नव्हता.

मागचा टेबलफॅन... थांबला.

कुणी बटण दाबलं नव्हतं. कॉम्प्युटर चालू, दिवे चालू. फक्त पंखा थांबला. आणि घरघर गेल्यावर खोलीत जी शांतता उरली, तिच्यात एक आवाज होता. ब्रश डब्यात बुडवायचा. काठाला निपटायचा. ओढायचा.

चप्... सर्र... चप्... सर्र...

आणि वास. रबर सोल्यूशनचा. नाकातून थेट कपाळात चढणारा.

टायरचं दुकान आहे खाली, ती स्वतःला म्हणाली. पंक्चर काढत असतील. मग तिला आठवलं, दुकान बंद आहे.

पळून जावं असं तिला वाटलं का, मी विचारलं. वाटलं, म्हणाली. पण लाजही वाटली. कशाची ते तिला तेव्हा कळलं नाही.

तिनं डाग जवळ आणला. अगदी जवळ, बाण दिसेपर्यंत. हवा कुठे चालली ते दाखवणारे बारीक बाण. डागाच्या वरच्या टोकाला, जिथे तोंड असावं तिथे, चारपाच बाण होते. बाहेर जाणारे.

तिनं चित्र पुन्हा काढायचं बटण दाबलं.

बाण आत.

पुन्हा दाबलं. बाहेर.

पुन्हा. आत.

तिनं किती वेळा दाबलं ते तिलाही सांगता येत नाही. बाहेर... आत... बाहेर... आत... ब्रशचा आवाज मंदावत चालला. मग एकदा दाबलं तर बाण बाहेर. पुन्हा दाबलं, बाहेरच. पण आखूड. पुन्हा. ठिपक्याएवढे.

मग नाहीतच.

ब्रशही थांबला.

डाग खाली आला. खुर्चीच्या उंचीवरून जमिनीवर. आडवा झाला. लाल होता, तो नारिंगी झाला. पिवळा झाला. आणि हळूहळू आजूबाजूच्या हवेच्या रंगात मिसळून गेला. शेवटी कोपऱ्यातल्या रेघा त्याच्यातून सरळ आरपार गेल्या, जणू तिथे कधी कुणी नव्हतंच.

टेबलफॅन सुरू झाला.

घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं.

आणि फोन वाजला. जैतून किंचाळली. फुजैल होता.

"आपा, नमाज झाली, निघतंय मी. काय केलंस? कोळंबी हाय ना? नसली तर आत्ताच सांग, मी वाटेतूनच परत जातंय."

"फुजैल, सोमवारपासून तुला कुठे बसवणार?"

"मागं. डाव्या हाताच्या कोपऱ्यात. नवीन टेबल हाय. का गो?"

"तिथे आधी कोण बसायचं?"

तो हसला. "तुला कुणी सांगितलं? नसरुद्दीनचाचा म्हणून होता एक. मेला बिचारा गेल्या ऑगस्टात. शुक्रवारची घाईची ऑर्डर होती. बाकीचे जुम्याला निघाले, हा म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, एवढी शिवण चिकटवून आलोच. आले तर खुर्चीखाली पडलेला. डॉक्टरनं हार्ट लिहिलं. खलास."

"तू तिथे बसायचं नाहीस."

"नाय गो आपा! नव्या जागेच्या पहिल्याच दिवशी सांगू, माझ्या बहिणीला हवा आवडली नाय? हसतील मला. तू आपली रंग भर. हवा काय कुणाला खाते?"

जैतूननं फोन ठेवला. लाज कशाची वाटत होती ते आता तिला कळलं होतं.

तिनं चित्रं काढली. कोपऱ्यात बिया ठेवून. न्हाणीतल्या केसांचा गुंता जसाच्या तसा. खाली एक ओळ टाईप केली, साधी, टायपिस्टची: या कोपऱ्यात हवा साचते, इथे माणूस बसवू नये. आणि डेरिलला पाठवलं.

रविवारी सकाळी शेडचा मॅनेजर आला. मीटिंग रूमच्या पडद्यावर चित्र लागलं. जैतून छापील रिपोर्ट वाटायला आत गेली आणि दारातच थबकली. तिचं चित्र नव्हतं. डेरिलनं बिया उचलून पंख्यांपाशी टाकल्या होत्या. स्वतः. म्हणजे शिकला होता शेवटी! खाली तिची ओळही नव्हती.

"सर," ती मॅनेजरला हिंदीत म्हणाली, "कोपरे में सीड नहीं डाला है. इनको बोलिए एक डालने को."

डेरिल आधी हसला. मग तिच्याकडे वळून मराठीत, दातांतल्या दातांत म्हणाला, "तुमचं काम झालं. चहाचं बघा."

"चहा ठेवलाय. तुम्ही बी टाका."

"जैतून मॅडम, विचार करायला आम्ही आहोत इथे. तुम्ही..."

"एकच. माझा भाऊ बसणार आहे तिथे."

मॅनेजरनं घड्याळ बघितलं. "डाल दो ना भाई. दो मिनिट का काम है."

डेरिलनं खांदे उडवले आणि कोपऱ्यात एक बी टाकली. एकच. बघा काय ते, अशा थाटात.

रेघ उगवली. गोल फिरली. पुन्हा फिरली... आणि एका जागेभोवती गुंडाळत गेली. खालून वर. आधी पाय दुमडावे तसं. मग पाठ. मग खांदे. मग एका बाजूला कललेली मान. एकच रेघ, न तुटता, सुतळीसारखी, आत कुणीतरी बसलं आहे आणि त्याच्यावरून ती गुंडाळली जातेय अशी.



"यह कौन बैठा है?" मॅनेजर म्हणाला. गेल्या ऑगस्टात शेडचं दार उघडून पहिला आत गेलेला माणूस तोच होता, हे जैतूनला मागाहून कळलं.

"सर..." डेरिलनं ओठांवरून जीभ फिरवली. "सर, मॉडेल में आदमी नहीं है."

"मालूम है," मॅनेजर म्हणाला. तो उठला. कागद तिथेच राहिले. "वहाँ टेबल नहीं लगेगा. खलास."

फुजैलचं टेबल लागलं दरवाज्यापाशी, मोठ्या पंख्यासमोर.

जैतूनला डेरिलनं त्याच दिवशी फाईलिंगला बसवलं. सॉफ्टवेअर बिघडलं होतं, असं तो सगळ्यांना सांगतो. दोन डिग्र्यांना तेवढंच उत्तर सुचलं. चित्रं आता तो स्वतः काढतो. मी पाहिली आहेत. लहान मुलानं मेणाचे खडू चावून थुंकावेत तशी येतात.

इथे संपायला हवं होतं. माणूस वाचला, कोपरा रिकामा राहिला, डेरिलचं तोंड उतरलं. मीही तिला तेच म्हटलं. आता तरी झोप नीट, म्हटलं.

पण फाईलची एक प्रत जैतूनकडे आहे. घरच्या लॅपटॉपवर. दर गुरुवारी ती उघडते. का, विचारलं तर म्हणते, बघायला नको?

पहिल्या गुरुवारी कोपऱ्यात काहीच नव्हतं. रेघा सरळ.

दुसऱ्या गुरुवारी... मधल्या थप्पीपाशी थोडी ऊब होती. उभ्या माणसाएवढी.

तिसऱ्या गुरुवारी ती आणखी पुढे आली होती.

आता ती दरवाज्याजवळ आहे. त्या फाईलमध्ये फुजैलचं टेबल नाही, फुजैलही नाही. पण त्याची खुर्ची नेमकी कुठे असते ते जैतूनला माहीत आहे. लाल डाग बरोबर त्या खुर्चीच्या मागे उभा आहे. फुजैलला तिथे रोखून धरतोय, की त्याची राखण करतोय, ते डागावरून कळत नाही. तोंडापाशी बाण आहेत. बाहेर... आत... बाहेर... आत...

तिनं फुजैलला यातलं अक्षर सांगितलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी तो जेवायला आला. मीही तेव्हा दोह्यात तिच्याकडे होते. कोळंबी होती. जेवता जेवता त्यानं दोनदा हात मागे नेऊन पाठ पुसली.

"घामोळं आलंय?" जैतूननं विचारलं.

"नाय. पंखा तर समोरच हाय, छाती गार पडते. पण पाठीला सारखी ऊब लागते गो आपा. कुणी जवळ उभं असल्यासारखी."

जैतूननं हातातला घास ताटात ठेवला. "खुर्ची बदल," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या जागा बदल."

फुजैलनं पाण्याचा ग्लास उचलला.

"बदलली," तो म्हणाला. "तीनदा."